अदेरितोची चांदणी

सकाळी येऊ नकोस, अदेरितो म्हणाला होता,
सकाळचं ऊन आळशी असतं.
साडेसहाला ये. तेव्हा आवेइरोच्या मिठागरात
पाणी नखाएवढं उरतं
आणि सूर्य कंबरेत वाकतो.

मी पोटावर आडवी. कोपरांखाली गार चिखल,
ओठांवर खार.
भिंगाचं भोक आवळत नेलं: अकरा, सोळा, बावीस,
सुईच्या नेढ्याएवढं.
सूर्य नकोच होता मला. तो कुणालाही मिळतो.
मला हवा होता त्याचा सांडलेला कण,
मिठाच्या खड्याच्या धारेवर आपटून
फुटणारा.

माझ्या भिंगात सात पाती आहेत,
आणि सात पात्यांतून चौदा टोकांची चांदणी निघते.
हे गणित वडिलांनी शिकवलं,
पासपोर्टचे फोटो कापता कापता:
विषम पाती दुप्पट देतात, सम पाती मोजून तेवढंच.
"आठ पात्यांचं भिंग चिक्कू असतं, झुल्मीरा,"
आणि कात्री कचकच हसायची.

पहिली चांदणी वाऱ्यानं मोडली.
दुसरीच्या आड एक रोहित पक्षी
एका पायावर येऊन उभा राहिला,
जागेचं भाडं भरल्यासारखा.
तिसरी लागली.
चौदाच्या चौदा टोकं, सुरीसारखी.

अदेरितोनं फावडी खांद्याला टेकवून
पडद्यात पाहिलं. बराच वेळ.
"छान आहे," म्हणाला. "कुणाची?"

मला प्रश्नच कळला नाही.

"माझी सहा टोकांची होती. पाच आखूड,
एक लांब, उजवीकडे कललेलं,
बापाच्या बैलाच्या शिंगासारखं.
पन्नास उन्हाळे तीच पाहिली,
पाण्यावर, बादलीच्या कडीवर, देओलिंदाच्या दातावर,
तिचा एक सोन्याचा होता.
वाटायचं, जगाला हीच दिसते.
मार्चमध्ये कोइम्ब्राला मोतीबिंदू काढला.
आता मीठ पांढरं दिसतं, इतकं पांढरं
की आधी काय विकत होतो याची लाज वाटते.
पण चांदणी गेली. काचेवरच्या ओरखड्यासारखी
एक रेघ येते, बस.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती सूर्याची नव्हतीच,
तुमच्या डोळ्यातल्या भिंगाला शिवणी होत्या, त्यांची होती.
ज्याच्या त्याच्या शिवणी वेगळ्या.
मी विचारलं, मग ते भिंग कुठंय?
त्या म्हणाल्या, फोडून
पाण्याबरोबर ओढून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी काळा पुठ्ठा नेला, वडिलांचीच कात्री.
सहा कोपरे कापले, एक लांब.
पण पुठ्ठ्यातून येणारा प्रकाश फार सरळमार्गी:
उजवीकडे दिलं की डावीकडेही तेवढंच देतो,
एका अंगाला कलतच नाही.
नऊ पुठ्ठे वाया. अदेरितो प्रत्येक वेळी
नम्रपणे मान हलवायचा,
जणू मी त्याच्या गेलेल्या माणसाचा म्हणून
भलताच फोटो दाखवतेय.

मग त्याच्या फावडीचा शिंतोडा उडाला,
थेट भिंगावर. मी कापड काढेपर्यंत
तो वाळला, पांढरा, वेडावाकडा.
वैतागून तसंच बटण दाबलं.

त्यानं पाहिलं. पडद्यावर बोट ठेवलं.
"बैल हाच," म्हणाला, "शिंग दुसरं."
आणि कामाला लागला. ऊन जायच्या आत
दोन ढीग ओढायचे होते.

भिंग मी अजून पुसलेलं नाही.
कॅमेरा पिशवीत ठेवला, बांधावर बसले,
एक डोळा मिटून समोरच्या खड्यावर
माझी मोजायला घेतली.
आठपर्यंत सरळ आले.
पुढचं एक टोक
पापणी हलली की हलतं.
ते धरायचं की नाही?